खाली आल्याची वेळ

१

वहीतलं एक पान नाहीसं झालं होतं, आणि नेमकं त्याच दिवसाचं.

बापू रेवाळ्यांनी वही उलटसुलट करून पाहिली आणि टेबलावर ठेवली. "पान नाही," ते म्हणाले. कचेरीत आम्ही सहा जण होतो. श्री देव धारलिंगाचे विश्वस्त म्हणून बापू मधल्या खुर्चीत, त्यांच्या दोन्ही बाजूंना चौकशीसाठी नेमलेले दोन गावकरी, कपाटाजवळ भक्तनिवासाचा व्यवस्थापक संदेश जोयशी, दाराशी उभा असलेला भागोजी शिवगण आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मी.

माझं नाव सुरय्या परकार. मूळची दाभोळची, पण धावखोलच्या पोस्टात चौतीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. चौकशीचं इतिवृत्त लिहायला बापूंनी मला बोलावलं होतं. माझं अक्षर बरं आहे, आणि गावात मी कुणाच्याच भावकीतली नाही.

चौकशी होती ती रितेश पाष्टेच्या मृत्यूची. गेल्या श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी हा तेवीस वर्षांचा मुलगा मुंबईहून एकटाच दर्शनाला आला. दर्शन झाल्यावर सगळे जातात तसा तोही वरच्या धारेकडे गेला. देवळाच्या मागून डोंगरात पायऱ्या चढतात, दहा-पंधरा मिनिटांवर धार कोसळते, खाली डोह आहे. कुणी तिथलं तीर्थ भरून नेतं, बाकीचे फोटो काढतात. पावसाळ्यात चारनंतर वर पाण्याचा भरवसा नसतो, म्हणून पायऱ्यांच्या तोंडाशी साखळी आहे. ती सांभाळायचं काम भागोजीचं. वर जाणाऱ्याने वहीत लिहायचं, उतरल्यावर सही करायची, आणि चार वाजता भागोजीने साखळीला कुलूप लावायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी रितेश डोहात सापडला.

भागोजीचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "वहीत बगा. जेवडी मानसा वर गेली तेवडी खाली उतारली, मंगच मी साकली लावली." पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. वही कुणी न उघडताच कपाटात गेली, भागोजीचं काम सुटलं. बघू, बघू म्हणता वर्ष सरत आलं आणि मग मुंबईहून पाष्ट्यांच्या कुणा नातेवाइकाचं पत्र आलं, की जबाबदार कोण ते सांगा.

"भागोजी, हे काय?" बापूंनी विचारलं.

"मी नाय फाडला, बापू. वही माज्याकडं नवतीच."

"मग कुणाला गरज पडली होती?"

बापूंनी सांगितलं, शुक्रवारी निकाल. इतिवृत्तात तारीख टिपायला मी वही जवळ ओढली आणि माझं बोट शिवणीच्या पलीकडच्या पानावर अडखळलं. ते पान सुटून हातात यायला हवं होतं. ते आलं नाही.

२

त्याच संध्याकाळी भागोजीची बायको चिमा माझ्या पडवीत येऊन बसली. डोक्यावरचं इरलं तिने खांबाला टेकवून ठेवलं. मी चहा ठेवला.

"बाय, ह्यांनी जेवान सोडलंय," ती म्हणाली. "शिमग्यात पालखीला खांदा दिला नाय त्यांना. आजा, बापूस, समद्यांनी दिला. ह्यांना म्हनले, तू मागं रव. तवापासून घरात मानूस हाय की नाय कलत नाय. आन आता पान फाडला म्हनत्यात."

"तुला काय वाटतं?"

"ह्यांना फाडायचा असता तर आख्खी वही चुलीत घातली असती. इतकी अक्कल हाय त्यांना."

मला हसू आलं, आणि लगेच लाज वाटली. मी तिच्याबरोबर शिवगणवाडीत गेले. भागोजी खळ्याच्या कडेला बसून समोरच्या डोंगराकडे बघत होता.

"भागोजी, तो मुलगा उतरताना तू पाहिलास?"

"शेवटल्या घटकेला धा-धा, बारा-बारा मानसा येकदम उतारतात, बाय. छत्र्या, टोप्या. तोंड कुनाचा बगनार? मी आकडा धरतो. येकतीस गेली, येकतीस आली." मग त्याने मान खाली घातली. "पन वरीस झाला. रोज मोजतोय. आता माजा मलाच वाटतंय, तीसच आली असतील. माजाच आकडा चुकला असंल."

ते ऐकून मला त्या पानाची जास्तच निकड वाटली. लोकांनी ठेवलेला ठपका तो एक वेळ सोसत होता. पण आता हळूहळू तो स्वतःच त्यांच्या बाजूला जाऊन बसत होता.

३

मंगळवारी मी भक्तनिवासातल्या कचेरीत गेले. संदेश चाळिशीचा, कामसू, पाहुण्यांसाठी पळापळ करणारा माणूस. त्याने मुकाट्याने कपाट उघडून दिलं.

"किल्ली कुणाकडे असते?"

"माझ्याकडे, आपा. एक बापूंकडे. कधी कुणी पोथी मागितली, कधी जुनी पावती, तर देतो. देवाचं कपाट आहे, कोण काय नेणार?"

"रितेश इथे उतरला होता?"

"खोली नव्हती घेतलेली. येऊन जाऊन होता." तो खिडकीबाहेर पाहत बोलला. "पुष्कळ येतात आपा, लक्षात नाही राहत."

मी वही खिडकीपाशी नेली. पोस्टात आयुष्य गेलं त्यामुळे शिवलेल्या वह्या मला माहीत आहेत. त्यातली पानं जोडीजोडीने असतात. शिवणीच्या अलीकडचं एक काढलं की पलीकडचं त्याचं जोडपान सुटतं. रागाने किंवा भीतीने पान फाडणारा हे बघत नाही. इथे पान फाडलेलंच नव्हतं, पट्टी धरून पात्याने कापलेलं होतं. आणि सुटलेलं जोडपान पतंगाच्या कागदाइतक्या पातळ पट्टीने, खळ लावून परत शिवणीला चिकटवलं होतं. इतकं सफाईदार की बोट फिरवल्याशिवाय कळू नये.

पुरावा नाहीसा करणारा माणूस वहीची अशी काळजी घेत नाही. ज्याने हे पान नेलं, त्याला वही मोडणं सहन होत नव्हतं.

"संदेश, तुमच्याकडे असली पट्टी असते?"

"कसली?" त्याने वाकून पाहिलं. त्याला खरंच काही कळलं नाही, हे मला दिसलं. पण मी विचारलं, "त्या दिवशी चारच्या सुमारास तू कुठे होतास?" तेव्हा त्याच्या कपाळावर घाम आला.

"इथेच. चहाच्या वेळेला दुसरं कुठे असणार?" तो म्हणाला आणि कपाट बंद करायला लागला.

४

गावात आणखी एक नाव बोललं जात होतं, तेजस्वी रहाटेचं. भक्तनिवासाच्या मागे तिची काजूची बाग आहे, बागेत तीन खोल्यांचं निवास. बागेतून एक जुनी गुरांची वाट साखळीला वळसा घालून धारेपाशी निघते. तिचे पाहुणे त्या वाटेने वर जातात आणि पान गायब झालं तर ठपका भागोजीवरच राहील, ते तिच्याच पथ्यावर पडेल, असं लोक म्हणत.

तेजस्वीने माझ्यापुढे फणसाची साठं ठेवली आणि सरळच बोलली.

"जातात आपा, खोटं कशाला सांगू. पण त्या शनिवारी माझ्याकडे पाहुणे नव्हते. मी दिवसभर देवरूखला होते, लेकीच्या, सानिकाच्या कॉलेजात. आले तेव्हा वर माणसं हाका मारत फिरत होती."

"वाटेवर काही दिसलं होतं तुला?"

"वाटेवर नाही." ती जरा थांबली. "तीन-चार दिवसांनी व्हाळाच्या पाण्यात एक कॅन अडकलेला मिळाला. वरून वाहत आला असणार. चांगला होता म्हणून रोपांना पाणी घालायला ठेवला."

तिने तो आणून दाखवला. लिटरभराचा तेलाचा रिकामा कॅन, झाकण घट्ट लावलेलं. पाठीमागे तांबड्या रंगात 'भ. नि.' अशी अक्षरं. भक्तनिवासाच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक भांड्यावर ती असतात, आणि तिथलं भांडं कुणी पाहुणा स्वतःच्या हाताने उचलत नाही. तिथे बाहेरच्याला आत सोडतच नाहीत.

"हा तू कुणाला दाखवला नाहीस?"

"कॅन कुणाला दाखवायचा असतो का, आपा?"

तिचं बरोबर होतं. पण तो कॅन बघितल्यावर मी तिथे फार वेळ बसले नाही, तो मागून पिशवीत घातला आणि निघाले.

५

गुरुवारी दुपारच्या गाडीने रितेशची आई आली. हेमांगी पाष्टे. वर्षभर ती दर महिन्याला यायची, सात नंबरच्या खोलीत राहायची, दोन दिवसांनी परत जायची. गावात तिला सगळे ओळखत, पण तिच्याशी बोलायचं कुणाला सुचत नसे. भक्तनिवासाच्या ओसरीवर ती एकटी बसली होती. मी शेजारी जाऊन बसले, माझी ओळख सांगितली.

"तुम्ही चौकशीचं लिहिता ना?" तिने विचारलं. "आमच्या दिरांनी ते पत्र पाठवलं. मला न विचारता."

"तुम्हाला नको होतं?"

"त्याने काय होणार आता?"

ती मोजकं बोलत होती. भांडुपला एका शाळेच्या ग्रंथालयात सव्वीस वर्षं होती. नवऱ्याला पक्षाघात झाला तेव्हा सोडलं. मूळचे राजापूरचे, आंब्याची दहा-बारा कलमं आहेत, ती आता चुलतभाऊ बघतात. रितेश बापासाठी देवाला साकडं घालायला आला होता.

"शेवटचं बोलणं कधी झालं?"

"चार वाजून दहा मिनिटांनी." हे तिने एका दमात सांगितलं, आई जसं लेकराच्या जन्माची वेळ सांगते तसं. "इतका स्पष्ट आवाज होता, ताई. मागे कपबश्या वाजत होत्या, त्यासुद्धा ऐकू येत होत्या."

"काय म्हणाला?"

"जेवलास का, म्हणून विचारलं मी," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मी तिथेच बसून राहिले. धावखोलमध्ये फोन फक्त एकाच जागी लागतो, या ओसरीवर. देवळाच्या पायरीवर गेलात की आवाज तुटतो, वर धारेकडे तर फोन नुसता दगड. आणि कपबश्या डोंगरात वाजत नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी रितेश इथे होता. खाली, साखळीच्या अलीकडे, सुखरूप.

६

मी उठून देवळात गेले. सभामंडपात गुरवांना विचारलं, "जुन्या पोथ्या कोण दुरुस्त करतं हो?"

"पाष्टेबाई," ते म्हणाले. "महिन्याला एक. काय हात आहे त्यांचा! बघा." त्यांनी कापड सोडून एक पोथी मला लांबूनच दाखवली. फाटलेल्या कडांवर पतंगाच्या कागदासारखी पातळ पट्टी होती.

आता एकच बघायचं राहिलं होतं. कचेरीत जाऊन मी वही पुन्हा उघडली. ती वही अशी आखलेली आहे: डाव्या पानावर नाव, गाव, माणसं किती आणि वर जायची वेळ. त्याच ओळीत समोरच्या उजव्या पानावर खाली आल्याची वेळ आणि सही. कापलेलं होतं ते डावं पान. उजवं जागच्या जागी होतं. नावं नसल्यामुळे त्या दिवशी बापूंनी त्याच्याकडे पाहिलंच नव्हतं, आणि मीही नाही. नुसत्या वेळा आणि वेड्यावाकड्या सह्या.

चौतीस वर्षं मी सह्या जुळवल्या. चौदाव्या ओळीत 'रि' पासून सुरू होऊन शेवटी लांब रेघ ओढलेली एक सही होती. समोर वेळ: तीन पन्नास. खालपर्यंत मोजलं. एकही ओळ रिकामी नव्हती.

मी सात नंबरचं दार वाजवलं. हेमांगीबाईंनी माझ्या हातातली वही बघितली आणि पलंगावर बसल्या.

"पान माझ्याकडे आहे," मी काही विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "दुसऱ्या महिन्यात आले तेव्हा संदेशनी पोथ्या काढायला किल्ली दिली. पोथ्यांखाली ही वही होती. त्याचं अक्षर होतं हो. गाव म्हणून त्याने भांडुप नाही लिहिलं, राजापूर लिहिलं. माणसं, एक."

मी त्यांच्यावर ओरडू शकले नाही. माझे यजमान गनी कुवेतला गेले ते तिथल्याच मातीत गेले. त्यांच्या शेवटच्या पाकिटावरचा पत्ता मी अजून जपून ठेवलाय, आतलं पत्र केव्हाच विरलं.

"मग हे उजवं पान का ठेवलंत?"

"ती सही मला बघवेना. आणि फाडून टाकायला हातही उठेना, तीही त्याचीच." त्यांनी चेहरा झाकून घेतला. "तो खाली आला होता, ताई. फोनवर म्हणाला, आई, झालं दर्शन, धार बघितली, आता निघतो. मी विचारलं, बाबांसाठी तीर्थ भरलंस का? म्हणाला, विसरलो. मी रागावले. म्हटलं, एवढं एक काम सांगितलं होतं. पुन्हा जा."

बाहेर पन्हाळी वाजत होती.

"भागोजीचं काय?" मी विचारलं.

"मला वाटलं, काम सुटलं असेल, दुसरं मिळेल."

"त्याला पालखीला खांदा देऊ दिला नाही. त्याने जेवण सोडलंय. आणि आता त्याला वाटायला लागलंय की मोजायला तोच चुकला."

त्यांनी हात खाली घेतले. मी वही घेऊन उठले. "उद्या दहाला बैठक आहे," एवढंच सांगितलं. दारातून वळून पाहिलं तर त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

७

शुक्रवारी दहा वाजले तरी त्या आल्या नव्हत्या. बापूंनी घड्याळ बघितलं. भागोजी दाराशी उभा, त्याच्या मागे चिमा. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण कुणी हटकलंही नाही.

"सुरय्याबाई, लिहायला घ्या," बापू म्हणाले.

"लिहिण्याआधी थोडं बोलायचंय," मी म्हटलं, आणि सांगितलं. उजवं पान, चौदावी ओळ, तीन पन्नास. चार दहाचा फोन, जो ओसरीशिवाय कुठूनही लागत नाही. "भागोजीच्या वहीतला मुलगा खाली आला होता. भागोजीने साखळी लावली तेव्हा वर कुणी नव्हतं. रितेश पुन्हा गेला तो दुसऱ्या वाटेने, काजूच्या बागेतून."

"ती सही त्याचीच कशावरून?" एका गावकऱ्याने विचारलं. "नावाचं पान आहे कुठे?"

"माझ्याकडे."

हेमांगीबाई चिमाच्या बाजूने आत आल्या. त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पाकिटात घातलेलं पान होतं. त्यांनी ते वहीत, त्याच्या जागी ठेवलं. डावीकडे चौदाव्या ओळीत रितेशचं नाव, तीन दहा. उजवीकडे तीन पन्नास आणि सही. बापूंनी चष्मा काढून दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं.

मग हेमांगीबाईंनी सगळं सांगितलं. फोनवर काय बोलल्या तेही. आवाज एकदाही चढला नाही.

"पण एकटा, नवखा मुलगा," बापू म्हणाले, "त्याला बागेतली वाट कळली कशी?"

मी पिशवीतून कॅन काढून टेबलावर ठेवला आणि कुणाकडेही पाहिलं नाही.

"मी सांगितली," संदेश म्हणाला.

त्याने कपाटाचा आधार धरला होता. "माझ्यासमोरच फोन केला त्याने. रडकुंडीला आला होता. म्हणाला, बाबांना तीर्थ न्यायचंय, बाटली पण नाही. मी कॅन दिला. म्हटलं, भागोजीदादा आता कुलूप उघडायचा नाही, मागून जा, पाच मिनिटांचं काम आहे. तेवढ्यात मुंबईची बस आली, पन्नास माणसं. मी विसरलो, बापू. तो परत आला की नाही, ते विसरलो मी." तो हेमांगीबाईंकडे वळला. "म्हणून तुम्हाला किल्ली दिली. तुम्ही काहीही मागितलं असतंत तरी दिलं असतं."

त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. तोपर्यंत त्यांना वाटत होतं, हे ओझं आपण एकट्याच वाहतोय.

"म्हंजे येकतीस व्हती," भागोजी दाराशीच पुटपुटला. "चिमा, येकतीसच व्हती." आणि वर्षभर न रडलेला तो माणूस उंबऱ्यावर बसून हुंदके द्यायला लागला.

बापू उठून त्याच्यापाशी गेले. गावाने त्याच्यावर अन्याय केला, असं त्यांनी सगळ्यांसमोर म्हटलं. येत्या शिमग्यात पहिला खांदा भागोजीचा, आणि साखळीवर आजपासून परत त्याचीच नेमणूक. मी ते लिहून घेतलं. भागोजीने डोळे पुसले आणि मान हलवली.

"खांदा दीन, बापू. साकली नको. ती आता दुसऱ्याला द्या."

८

बैठक संपल्यावर हेमांगीबाई ओसरीवर आल्या. "ताई, बसता का माझ्याजवळ?" त्या मला म्हणाल्या. "ह्यांना फोन करायचाय. वर्षभर सांगितलं नाही मी. दिरांकडून कळण्याआधी कळू दे."

भागोजी आणि चिमा पायरीवरच होते. पाऊस उघडायची वाट बघत होते. हेमांगीबाईंनी फोनचा आवाज मोठा करून तो बाकावर ठेवला.

"अहो," त्या म्हणाल्या, "रितेश खाली आला होता. मी त्याला परत पाठवलं."

पलीकडून त्यांच्या नवऱ्याचा जड, अडखळणारा आवाज आला. पक्षाघाताने एकेक शब्द ओढून काढावा लागत होता.

"ठाऊक आहे."

"काय?"

"त्या दिवशी... मी जागा होतो. आतल्या खोलीत. ऐकलं... तुझं बोलणं."

"मग वर्षभर बोललात का नाही?"

"तू... जिवाचं काही करून घेशील. भीती वाटली."

हेमांगीबाईंनी पदर तोंडात धरला. चिमा पायरीवरून हे ऐकत होती. आदल्या दिवसापर्यंत ज्या घराने तिचं घर उदास केलं, त्या घराचं बोलणं. तिचा चेहरा कठोर होता आणि तो मऊ झाला असं मी म्हणणार नाही. पण ती उठली, आतून पाण्याचा तांब्या आणला आणि हेमांगीबाईंच्या शेजारी ठेवला.

"तो माणूस," फोनमधून आवाज आला, "साखळीवाला... कसा आहे?"

मग भागोजी उठला. ओले पाय पायपुसण्याला पुसून ओसरीवर आला आणि बाकापुढे उकिडवा बसला.

"मी हाय, दादा. भागोजी."

"माफ... करा."

"तां ऱ्हाऊ दे." भागोजी फोनच्या जवळ सरकला. "वरीसभर समद्यांनी साकलीचा इचारला. पोराचा कुनी इचारला नाय, म्हनून सांगायचा ऱ्हायला. वर जाताना त्याच्या चपलीचा पट्टा तुटला. मी सुतळी दिली. मी बांदनार, तर म्हनाला, काका, द्या मी बांधतो. येका हातान गाठ मारलान, झटक्यात. मी म्हटला, ही कुठं शिकलास? म्हनाला, आंब्याच्या पेटीला बाबा अशीच मारतात."

पन्हाळीतलं पाणी आता थेंब थेंब पडत होतं. फोनमधून श्वासाचा आवाज येत राहिला.

"हो," तो माणूस शेवटी म्हणाला. "अशीच."

भागोजीने मान डोलावली, जणू समोरच्याला दिसत होतं, आणि तो तिथेच बसून राहिला.